पेन्शनची हमी नेमकी कोणाची?

महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप केला. तेव्हापासून निवृत्तीच्या पैशाबद्दलचं एक मत आपल्याकडे जवळजवळ म्हणीसारखं फिरतं आहे : पेन्शन म्हणजे हमी, आणि बाजारात गुंतवलेला फंड म्हणजे जुगार. सरकारी नोकरीपुरतं या मतावर वाद घालण्यात अर्थ आहे, कारण तिथे पेन्शनच्या पाठीशी कर वसूल करणारं राज्य उभं असतं. पण तेच वाक्य जसंच्या तसं उचलून खासगी कंपन्यांना चिकटवलं जातं, आणि त्यातही अमेरिकेतल्या विमान कंपन्यांना. ‘फेडेक्समध्ये वैमानिकाला पेन्शन आहे, म्हणजे ती नोकरी पक्की. डेल्टा, युनायटेडमध्ये नुसताच ४०१-के, म्हणजे म्हातारपण शेअर बाजाराच्या भरवशावर.’ हे इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं, की सांगणाऱ्याने या धंद्याचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास उघडूनच पाहिलेला नाही हे लगेच कळतं. अमेरिकेच्या खासगी क्षेत्रात पेन्शनचं वचन अनेकांनी मोडलं. पण ज्या धंद्यात ते इतक्या मोठ्या रकमेला आणि इतक्या गाजावाजाने मोडलं गेलं, तोच धंदा पेन्शनच्या पक्केपणाचा पुरावा म्हणून पुढे करावा, याला काय म्हणायचं?

आधी दोन्ही प्रकार नीट पाहू. अमेरिकी वैमानिकांच्या बोलण्यात ‘ए प्लॅन’ आणि ‘बी प्लॅन’ असे शब्द येतात. ए प्लॅन म्हणजे जुनी पेन्शन : नोकरीची वर्षं, शेवटच्या काही वर्षांचा सरासरी पगार आणि एक ठरलेला टक्का यांचा गुणाकार करून जी रक्कम येईल, ती मरेपर्यंत. बी प्लॅन किंवा ४०१-के म्हणजे कंपनीने आणि वैमानिकाने दर पगारातून वैमानिकाच्या स्वतःच्या खात्यात भरलेली रक्कम. तिचं पुढे जे होईल ते त्याचं. पहिल्यात मिळणारी रक्कम ठरलेली असते, दुसऱ्यात भरली जाणारी. इथवर सगळ्यांना माहीत असतं. लक्षात घेतलं जात नाही ते पुढचं. पेन्शनची रक्कम ठरलेली असली, तरी त्यासाठीचा पैसा आधीच पूर्ण बाजूला काढलेला असतो असं नाही. कंपनी एका ट्रस्टमध्ये अंदाजाने पैसे भरत जाते. त्या अंदाजात व्याजदर, बाजाराचा परतावा आणि माणसांचं आयुर्मान गृहीत धरलेलं असतं. म्हणजे तो फंडही बाजारातच असतो. फरक एवढाच, की तूट आली तर ती भरायची जबाबदारी कंपनीची. मग ती तूट म्हणजे वैमानिकाने कंपनीला दिलेलं कर्ज झालं, आणि कर्जाची हमी कर्जदाराच्या ऐपतीइतकीच असते.

त्या ऐपतीची परीक्षा २००१ नंतर झाली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर प्रवासी घटले, शेअर बाजार पडला, व्याजदर उतरले. बाजार पडल्याने पेन्शन फंडांची मालमत्ता घटली, व्याजदर उतरल्याने त्यांचं देणं फुगलं, आणि नेमक्या त्याच वेळी कंपन्यांकडे रोकड उरली नाही. चांगल्या काळात फंड कागदावर भरलेला दिसत होता, तेव्हा कायद्यातल्या सवलती वापरून भरणा टाळण्याची सोयही होती. युनायटेडने डिसेंबर २००२ मध्ये दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. मे २००५ मध्ये दिवाळखोरी न्यायालयाने तिच्या चारही पेन्शन योजना मोडीत काढायला परवानगी दिली. त्यांतली एकूण तूट ९८० कोटी डॉलर होती. त्यातली सुमारे ६६० कोटींची जबाबदारी पेन्शन बेनिफिट गॅरंटी कॉर्पोरेशन म्हणजे पीबीजीसी या सरकारी विमा संस्थेने उचलली. बाकीचा फटका कर्मचाऱ्यांना बसला. सव्वा लाखाच्या आसपास माणसं या योजनांत होती, आणि तोवरच्या अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी पेन्शन-बुडी होती. कंपनी मात्र बुडाली नाही. युनायटेड आजही उडते आहे, नफाही कमावते. कंपनी तरली आणि पेन्शन गेली, हा तपशील ‘एवढी मोठी कंपनी कशी बुडेल’ म्हणणाऱ्यांनी दोनदा वाचावा.

इथे हमखास उत्तर येतं : पीबीजीसी आहेच की, विमा म्हणजे हमीच झाली. विमा आहे हे खरं. १९६३ मध्ये साउथ बेंडचा स्टुडबेकर मोटार कारखाना बंद पडला आणि हजारो कामगारांची पेन्शन गेली. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या मागणीला १९७४ च्या एरिसा कायद्यात यश आलं आणि ही संस्था जन्माला आली. पण या विम्याला वरची मर्यादा आहे, आणि ती वैमानिकांच्या पगाराकडे पाहून ठरवलेली नाही. युनायटेडच्या वैमानिकांची योजना ३० डिसेंबर २००४ या तारखेने संपली असं धरलं गेलं. त्या वर्षी ६५ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी कमाल हमी वर्षाला सुमारे ४४,४०० डॉलर होती. पेन्शन ६५ च्या आधी सुरू झाली, तर ही मर्यादा आणखी खाली येते; साठाव्या वर्षी ती ६५ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे २८,८५० डॉलरवर. आणि त्या काळी सरकारचाच दुसरा नियम वैमानिकाला साठाव्या वर्षी कॉकपिटमधून उठवत होता. एका खात्याने साठीला घरी बसवायचं आणि दुसऱ्याने ‘तुम्ही लवकर निवृत्त झालात’ म्हणून कपात करायची, असा हा कारभार. योजनेत शिल्लक असलेल्या मालमत्तेतून काही जुन्या निवृत्तांना हमीपेक्षा जास्त मिळालं, आणि युनायटेडच्या वैमानिकांच्या युनियनने तडजोडीत ५५ कोटी डॉलरचे रोखेही मिळवले. पण लाख-सव्वा लाखाच्या पेन्शनवर आयुष्याचा हिशेब मांडलेल्या कॅप्टनला ही भरपाई कितपत पुरणार?

‘युनायटेड हा अपवाद’ म्हणणाऱ्यांसाठी यादी लांब आहे. यूएस एअरवेजच्या वैमानिकांची पेन्शन योजना युनायटेडच्याही आधी, ३१ मार्च २००३ रोजी संपली. पॅन अॅम आणि टीडब्ल्यूए यांच्या योजना कंपन्यांबरोबरच पीबीजीसीच्या दारात आल्या. डेल्टाच्या वैमानिकांची योजना सप्टेंबर २००६ मध्ये गेली, आणि तिची कथा सगळ्यांत बोलकी आहे. तिथे निवृत्तीच्या वेळी अर्धी पेन्शन एकरकमी उचलण्याचा पर्याय होता. संकटाची चाहूल लागताच ज्येष्ठ वैमानिकांनी वेळेआधी निवृत्ती घेऊन ती रक्कम काढायला सुरुवात केली. त्यामुळे फंड आणखी आटला आणि मागे राहिलेल्यांची योजना टिकणं अशक्य झालं. जिला बाहेरचे लोक हमी म्हणत होते, तिच्यावर आतल्या माणसांचा किती विश्वास होता, हे त्या रांगेने सांगितलं. अमेरिकन एअरलाइन्सने नोव्हेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथली योजना मोडली नाही, पण १ नोव्हेंबर २०१२ पासून गोठवली. तोवर जमलेली पेन्शन शाबूत, पुढच्या वर्षांची शून्य. न्यायालयात कोणी हरलं नाही, वचनाची लांबी तेवढी मधेच कापली गेली.

विमानधंद्यात हे वारंवार का होतं, याचंही कारण आहे. इंधनाचे भाव, मंदी, युद्ध, साथरोग यांचा फटका सगळ्या कंपन्यांना एकाच वेळी बसतो. म्हणजे ज्या वर्षी वैमानिकाची नोकरी धोक्यात येते, त्याच वर्षी त्याची पेन्शन देणाराही अडचणीत असतो, आणि अनेकदा पेन्शन फंडातले शेअरही त्याच वर्षी घसरलेले असतात. पगार, म्हातारपण आणि बचत या तिन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या नशिबाला बांधणं किती महागात पडतं, हे युनायटेडमध्येच आधीही दिसलं होतं. १९९४ मध्ये वैमानिकांसह अनेक कर्मचाऱ्यांनी सुमारे ४९० कोटी डॉलरच्या पगारकपातीच्या बदल्यात कंपनीचे ५५ टक्के शेअर घेतले. दिवाळखोरीत त्या शेअरांची किंमत संपली. आधी मालकी गेली, मग पेन्शन, आणि मधल्या काळात पगारही कापला गेला.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत मजबूत आक्षेप. ४०१-के मध्ये बाजाराचा सगळा धोका वैमानिकाच्या डोक्यावर येतो, तो कंपनीने शिताफीने ढकलला आहे, आणि १९७८ च्या करकायद्यातल्या एका कलमातून निघालेली ही सोय मुळात पेन्शनची जागा घेण्यासाठी नव्हतीच. हे सगळं खरं आहे. २००८ मध्ये एस अँड पी ५०० निर्देशांक लाभांश धरूनही सुमारे ३७ टक्के घसरला. त्या वर्षी निवृत्त होणाऱ्या आणि सगळा पैसा शेअरांत ठेवलेल्या माणसाला दीर्घकालीन सरासरीचे आकडे ऐकवणं हा उद्धटपणा ठरेल. शिवाय पेन्शन मरेपर्यंत येते. खात्यातला पैसा नव्वदीआधी संपू शकतो. हे दोन्ही धोके खरे असले, तरी त्यांची जात पेन्शनच्या धोक्यापेक्षा वेगळी आहे. बाजाराचा धोका वाटून घेता येतो : निवृत्ती जवळ येईल तसे शेअर कमी करून रोखे वाढवता येतात, जमलेल्या पैशाच्या एका भागातून विमा कंपनीकडून तहहयात वर्षासन विकत घेता येतं. आपली कंपनी दिवाळखोरीत गेली तर काय, हा धोका मात्र वैमानिकाला कुठेच वाटून देता येत नाही. ज्येष्ठतेच्या यादीतली जागा कंपनी बदलताच शून्यावर येते, म्हणून पन्नाशीतला कॅप्टन पेन्शन डळमळू लागली तरी उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही. दोन्हीकडे धोका आहे. एकीकडे तो दिसतो आणि हाताळता येतो, दुसरीकडे तो अनेकांना दिवाळखोरीच्या अर्जाच्या दिवशीच दिसतो.

याचा अर्थ पेन्शन वाईट, असा काढणं हा उलटा गैरसमज ठरेल. आकडेच मांडू. फेडेक्सच्या ए प्लॅनमध्ये वर्षाला दोन टक्के या दराने २५ वर्षांत ५० टक्के होतात, आणि २,६०,००० डॉलरपेक्षा जास्त पगार हिशेबात धरला जात नाही. म्हणून कमाल पेन्शन १,३०,००० डॉलर. त्याखेरीज बी प्लॅनमध्ये पगाराच्या ९ टक्के. समोर फक्त १७ टक्के भरणारी कंपनी ठेवू. सोयीसाठी २५ वर्षं पगार ३ लाख डॉलरवर स्थिर धरू, आणि विमा कंपनी शंभर डॉलर घेऊन वर्षाला सात डॉलरचं वर्षासन देते असं मानू. मग १,३०,००० च्या पेन्शनची किंमत सुमारे १८.६ लाख डॉलर होते. गुंतवणूक वर्षाला ३ टक्क्यांनी वाढली, तर फेडेक्सची एकूण बेरीज सुमारे २८ लाख आणि १७ टक्केवाल्याची साडेअठरा लाख. वाढ ७ टक्के धरली, तर साडेपस्तीस लाख विरुद्ध बत्तीस लाख. दुसरी योजना पुढे जायला वर्षाला साडेआठ टक्क्यांच्या आसपास वाढ लागते. म्हणजे कागदावर पेन्शनच जिंकते, आणि कमी परताव्याच्या काळात दणदणीत जिंकते. मग हरते कुठे? या गणितात कंपनी नोकरीची २५ वर्षं आणि त्यानंतरची पंचवीसेक वर्षं पैसे देत राहील, असं आपण मुकाट्याने गृहीत धरलं. वैमानिक पंचवीस वर्षं तिथेच टिकेल, हेही धरलं. आणि महागाई विसरलो : खासगी पेन्शनला सहसा महागाईनुसार वाढ नसते, आणि ३ टक्के महागाईत १,३०,००० डॉलरची किंमत २४ वर्षांत निम्मी होते. फेडेक्सच्या वैमानिकांना हे कळतं. २०२३ मध्ये कराराचा मसुदा त्यांनी ५७ टक्के मतांनी फेटाळला, आणि त्या वादात निवृत्तीच्या तरतुदी अग्रभागी होत्या.

दुसरा मोठा गैरसमज टक्क्यांचा : ज्या कंपनीचा टक्का मोठा, ती योजना चांगली. इथे तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, तो टक्का बिनशर्त आहे की वैमानिकाने स्वतः भरलं तरच मिळणारा. साउथवेस्टमध्ये एके काळी ९.३ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर असा वाटा होता. म्हणजे ज्याने काहीच भरलं नाही, त्याला कंपनीकडूनही काही नाही. आज मोठ्या कंपन्या जे १६ ते १८ टक्के भरतात, ते वैमानिकाने एक डॉलरही न भरता मिळतात. दुसरी, तो पैसा कधीपासून आपला होतो. कंपनीच्या जुळवणीच्या वाट्यासाठी तीन वर्षांनी एकदम किंवा सहा वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्क देण्याची मुभा कायद्यात आहे, आणि छोट्या कंपनीतून दोन वर्षांत मोठ्या कंपनीत उडी मारणाऱ्यासाठी ही अट टक्क्यापेक्षा महत्त्वाची ठरते. तिसरी, कराची मर्यादा. २०२५ साठी ३,५०,००० डॉलरच्या वरचा पगार योजनेच्या हिशेबात धरता येत नव्हता, आणि वैमानिक व कंपनी मिळून खात्यात ७०,००० डॉलरपेक्षा जास्त भरता येत नव्हतं. पन्नाशीनंतरची जादा सवलत वेगळी. ३,५०,००० चे १७ टक्के म्हणजे ५९,५००. वैमानिकाने स्वतःची २३,५०० ची पूर्ण मर्यादा वापरली, तर बेरीज ८३,००० होते आणि १३,००० डॉलर सांडतात. ते पगारात रोख मिळाले तर त्यावर लगेच कर लागतो. म्हणूनच डेल्टा आणि युनायटेडने बाजाराशी जोडलेली ‘कॅश बॅलन्स’ योजना आणली. कायद्याच्या दृष्टीने ती पेन्शन आहे आणि तिला पीबीजीसीचा विमाही आहे. पण प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवलेला असतो, परतावा प्रत्यक्ष गुंतवणुकीप्रमाणे मिळतो, आणि निघताना भरलेल्या रकमेपेक्षा कमी देता येत नाही. पेन्शन की फंड या भांडणात रमलेल्यांनी ही मधली वाट पाहायला हवी.

आपल्याकडच्या वैमानिकांनाही हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीएफमध्ये, कर्मचाऱ्याचे बारा टक्के, आणि कंपनीच्या बारा टक्क्यांतून पेन्शन योजनेकडे जाणारा भाग वजा जाता उरलेला वाटा, कर्मचाऱ्याच्या नावावर जमतो. त्याला जोडलेल्या पेन्शन योजनेत धरला जाणारा पगार मात्र महिना १५,००० रुपयांवर बांधलेला. तो गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०, या सूत्राने पस्तीस वर्षांनंतर महिना साडेसात हजार. सप्टेंबर २०१४ नंतर त्याहून अधिक पगारावर प्रथमच नोकरीला लागलेला माणूस तर त्या पेन्शन योजनेत येतच नाही. आणि पैसा स्वतःच्या नावावर असण्याचाही अर्थ ‘भरलेला पैसा’ एवढाच. मुंबईची जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. थकलेला पीएफ आणि ग्रॅच्युइटी देण्याचा आदेश अपिलीय न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो जानेवारी २०२३ मध्ये कायम ठेवला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. जे खात्यात आधीच पडलं होतं, त्यासाठी कोणाला कोर्टात जावं लागलं नाही. जे कंपनीकडून ‘येणं’ होतं, त्यासाठीच जावं लागलं.

उरलेले गैरसमज एकेका ओळीचेच आहेत. ‘कंपनी बुडाली की ४०१-के बुडतो’ : नाही, तो पैसा ट्रस्टमध्ये असतो आणि कंपनीच्या धनकोंना त्याला हात लावता येत नाही, बुडतात ते खात्यात ठेवलेले त्याच कंपनीचे शेअर, जसे २००१ मध्ये दिवाळखोर झालेल्या एन्रॉन कंपनीत. ‘पीबीजीसी करदात्यांच्या पैशावर चालते’ : ती कंपन्यांनी भरलेल्या विमाहप्त्यांवर आणि ताब्यात घेतलेल्या फंडांवर चालते. ‘वैमानिक साठीला निवृत्त होतो’ : डिसेंबर २००७ पासून मर्यादा ६५ आहे, ती ६७ करण्याची तरतूद २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहाने मंजूर केली, पण २०२४ च्या अंतिम कायद्यात ती आली नाही. ‘६५ ला सगळं सरकारी सुरू होतं’ : मेडिकेअर ६५ ला, पण १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना सोशल सिक्युरिटीची पूर्ण रक्कम ६७ व्या वर्षी, म्हणून मधली दोन वर्षं स्वतःच्या पैशातून काढायची तयारी हवी. ‘साडेएकोणसाठच्या आधी दंडाशिवाय पैसे निघत नाहीत’ : वयाच्या ५५ व्या वर्षी किंवा नंतर नोकरी सोडली, तर त्या कंपनीच्या खात्यातून निघतात.

तेव्हा दोन कंपन्यांची तुलना करताना ‘पेन्शन आहे का’ हा पहिला प्रश्न नव्हे. आजवर कमावलेल्या निवृत्तीच्या पैशापैकी किती माझ्या नावावर जमा आहे आणि किती कंपनीकडून येणं आहे, हा पहिला. येणं असेल, तर त्यातलं विम्याने किती झाकलं आहे, हा दुसरा. मधेच सोडून जावं लागलं तर हातात काय उरतं, हा तिसरा. या तिन्हींची उत्तरं मिळाल्यावरच टक्के आणि डॉलर मोजावेत. फेडेक्ससारखी कंपनी पेन्शनही देते आणि नावावरचा फंडही देते, तेव्हा ती या कसोटीला चांगली उतरते; पण ती उतरते ती दोन्ही मिळून, आणि कंपनी भक्कम आहे तोवर. पेन्शनची मागणी करणाऱ्यांचं काही चुकत नाही. चुकतं ते वचनालाच हमी समजण्यात, आणि ही चूक किती महाग पडते याचा हिशेब युनायटेडच्या ९८० कोटी डॉलरच्या तुटीत मांडलेला आहे.